जाहिरातीमागची ओळ

“आले! टीचर, आले बघा!”

आग्नेस टीचर पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, चष्मा सरळ केला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. दुपारचे तीन वाजले होते. दुपारनंतरची पहिली बॅच चारला यायची. खिडकीबाहेर आरवंद्याचा बाजार पेंगत होता. मासळीवाल्या टोपल्या पालथ्या घालून घरी गेल्या होत्या, आणि खाडीवरचा वारा आमच्या ‘तुळसकर कॉम्प्युटर क्लास’च्या पाटीचा सुटलेला कोपरा उगाच वाजवत होता.

पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकाखाली एक ओळी उमटत होत्या. एक पाहुणा वेशीत आला. एक पाहुणा वेशीत आला. एक पाहुणा वेशीत आला.

“किती झाले?”

“एकोणीस. नाही, बावीस.”

“आणि करतायत काय?”

ते मी बघितलंच नव्हतं. बावीस माणसं तळकोटच्या वेशीत उभी होती आणि एकही जागची हलत नव्हती. मग एकाने लिहिलं, ‘चित्र कुठाय?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘ती मुलगी कुठाय?’

“कुठली मुलगी रे?” टीचरांनी विचारलं.

मी पुढचे पाहुणे मोजायला लागलो.

तळकोट हे आमचं गाव. ते कुठल्या नकाशावर नाही, ते आम्ही दोघांनी मिळून रचलं होतं. इंटरनेटवर खेळायचा खेळ होता तो, पण चित्रांचा नव्हता, नुसत्या शब्दांचा. ‘तुम्ही वेशीत उभे आहात’ असं पडद्यावर येई. ‘पहा’ असं टाइप केलं की तिथे काय काय आहे ते वाचायला मिळे. ‘उत्तर’ टाइप केलं की तुम्ही उत्तरेच्या गल्लीत. भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी, कारण तेव्हा, वीस वर्षांपूर्वी, मराठी फॉन्ट एका कॉम्प्युटरवरचा दुसऱ्यावर दिसेल याचा भरवसा नसे.

गाव रचलं ते टीचरांनी. मी फक्त त्याची यंत्रणा लिहिली. आग्नेस फर्नांडिस टीचर चर्चच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी शिकवलं होतं, आणि पन्नाशीला आल्यावर त्या माझ्याकडे टायपिंग शिकायला आल्या. शिकता शिकता त्यांनी सराव म्हणून एका गल्लीचं वर्णन टाइप केलं. मी ते वाचलं, आणि मला वाटलं, या गल्लीतून पुढे जाता आलं पाहिजे. दोन वर्षांत दोनशे त्रेपन्न जागा झाल्या. टीचर त्या तपासलेल्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर लिहून आणत. ओहोटीला तळकोटचा खालचा बाजार उघडा पडे, भरतीला तो पाण्याखाली जाई, आणि ही भरती-ओहोटी आमच्या आरवंद्याच्या खाडीप्रमाणेच चाले. उधाण असलं की तळकोटच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी चढे. तिथे कुणी कुणाला मारत नसे. वाटेत हरवलेल्या वस्तू सापडत. कुणाचा अडकित्ता, कुणाची जोडवी, एखादं न उघडलेलं पत्र. त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या. एवढाच खेळ.

खेळायला नऊ माणसं येत. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ कशी कोण जाणे ठरून गेली होती. मस्कतला पाण्याच्या टाक्यांच्या कंपनीत असलेले एक गृहस्थ ‘खवळ्या’ या नावाने येत. ते काही पोचवत वगैरे नसत, नुसते धक्क्यावर बसत आणि आलेल्या-गेलेल्याला ‘जेवलात काय?’ विचारत. बेळगावच्या एक बाई होत्या, पुण्याचे दोघे विद्यार्थी होते. मग बाईंचा मुलगा परदेशी गेला, कॉम्प्युटरही गेला. विद्यार्थी परीक्षेला बसले ते परत आले नाहीत. नवाचे सहा झाले, सहाचे पाच. कधी कधी पाच ते सात तळकोटात कुणीच नसे, फक्त पाणी चढे आणि उतरे. ते बघत बसलं की मला गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदारासारखं होई.

“जाहिरात करूया,” मी एक दिवस म्हणालो.

“कशाला?” टीचर म्हणाल्या. “नऊ माणसं पुष्कळ झाली. नऊ माणसं जेवायला आली की माझ्या आईला घाम फुटायचा.”

“नऊ नाहीत, पाच आहेत.”

यावर त्या गप्प बसल्या. मला ती संमती वाटली.

मराठी बातम्यांची एक साइट होती, परदेशातले लोकही ती वाचत. तिच्या मथळ्याखाली जाहिरातीची आडवी पट्टी लागे. महिनाभराचं भाडं मी भरलं. क्लाससाठी एक नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता, तो पुढच्या वर्षावर ढकलला. पट्टीवरचं चित्र सावंतवाडीच्या एका साइनबोर्डवाल्याने करून दिलं. मी त्याला दीपस्तंभ आणि लाटा सांगितल्या होत्या. त्याने दीपस्तंभ काढला, लाटा काढल्या, आणि लाटांवर स्वतःच्या मनाने एक मत्स्यकन्या बसवली.

“ही कशाला?”

“त्याशिवाय लोक बोट लावत नाहीत हो,” तो म्हणाला.

लोकांनी बोट लावलं, ते असं. पहिल्या आठवड्यात तळकोटच्या वेशीत जत्रा भरली. माणसं येत, मत्स्यकन्या शोधत, ती नाही म्हटल्यावर चिडत. जी वेशीच्या आत शिरली त्यांतल्या काहींनी धक्क्यावर जाऊन खवळ्याला आईवरून शिव्या दिल्या. खवळ्यांनी त्याही दिवशी ‘जेवलात काय?’ एवढंच विचारलं. मग निघताना मला लिहिलं, ‘अवधूतराव, सध्या बाजार भरलाय. शांत झालं की कळवा.’ बाकीचे चौघे न सांगताच गेले.

शब्दांच्या खेळांचे वेडे अजूनही आहेत. त्यांतला एखादा कधीमधी मला विचारतो, पैसे देऊन जाहिरात करावी का? मी त्याला आकडे सांगतो, कारण आकडे सांगायला सोपे असतात. पट्टीवर क्लिक केलेले चार हजारांच्या वर. वेशीच्या पुढे गेलेले एकशे बारा. दुसऱ्यांदा आलेले तीन. त्या तिघांतले दोघे पुन्हा शिव्या द्यायलाच आले होते.

महिना संपला, पट्टी उतरली, आणि गाव रिकामं झालं. आधीही ते रिकामं असायचं, पण ते कुणी न आल्याचं रिकामेपण होतं. हे येऊन गेल्याचं होतं.

“बंद करूया,” मी टीचरांना म्हणालो. “या महिनाअखेरीला.”

“मुलगी कुठली ते तू मला त्या दिवशी सांगितलंच नाहीस,” त्या म्हणाल्या.

“चित्रात होती.”

“माझ्या गावावर तू एक मुलगी टांगलीस, आणि मला दाखवलीसुद्धा नाहीस.”

“गाव माझंही आहे, टीचर. पैसेही माझेच गेले.”

हे बोलायला नको होतं. त्यांनी पेपरांचा गठ्ठा बांधला, चहा तसाच ठेवला आणि जिना उतरून गेल्या. मी वेशीवर सूचना लावली. ‘तळकोट ३१ डिसेंबरला बंद होत आहे. सर्वांचे आभार.’ सर्व म्हणजे कोण, ते मलाही माहीत नव्हतं.

ते डिसेंबरचे दिवस मला अजून धुक्यातून बघावेत तसे आठवतात. सकाळी खरंच धुकं असे. खाडीपलीकडचं डोंगराचं नाक दहा वाजेपर्यंत दिसत नसे. दुपारी ऊन मऊ पडे. दीड वाजता क्लास रिकामा होई आणि मी डबा उघडून बसे. अशाच एका दुपारी माझं लक्ष गेलं की तळकोटात कुणीतरी चालतंय.

दुसऱ्यांदा आलेल्या तिघांतला हा तिसरा. नाव एकच अक्षर, के. दीड वाजता येई, दोनला जाई. पुन्हा साडेपाचला येई, सातला जाई. शनिवारी फक्त दुपारचा. रविवारी नाही. त्याचं एक ठरलेलं होतं. नवीन जागी आला की ‘पहा’. मग एक दिशा. तिथे ‘पहा’. मग आल्या पावली मागे. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. मग तिसरी गल्ली. रोज थोडं थोडं अंतर वाढवत तो वेशीपासून सुरुवात करी. हरवलेल्या वस्तू त्याच्या पायाशी येत, तो उचलत नसे. कुणाशी बोलत नसे, आणि बोलायला होतं तरी कोण?

पहिले काही दिवस मला ते बघत बसावंसं वाटे. भाकरीचा घास हातात राही. कांदेबाजार, पहा. वैद्यांची गल्ली, पहा. बोरीचं झाड, पहा. वर्षभरात कुणी गेलं नव्हतं अशा जागी तो जाई, आणि टीचरांनी लिहिलेली गल्ली पडद्यावर ओळ ओळ करत उजळे. जणू गावात दिवसाढवळ्या कुणी एकेका घराची कडी वाजवत चाललंय. ओहोटी लागली की तो खालच्या बाजारात उतरे, आणि पाणी चढायला लागलं की बरोबर दोन पायऱ्या आधी वर येई. एकदाही त्याचे पाय भिजले नाहीत.

आणि मग मला वाटायला लागलं, हा माणूस नाही. माणूस इतका वेळेवर वागत नाही. माणूस चुकतो, कंटाळतो, एकदा तरी शिवी देतो. आमचं तळकोट पुण्यातल्या एका मित्राच्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “अरे, असले प्रोग्रॅम असतात. सगळी पानं वाचून नकलून नेतात. कुणीतरी तुझं गाव उचलतंय.”

गाव मी तसंही बंद करणार होतो. पण ते कुणी उचलून न्यावं हे मला सोसेना. मी तळकोटात शिरलो, के उभा होता तिथे, बोरीच्या झाडाखाली गेलो आणि विचारलं, ‘आपण कोण?’

उत्तर आलं नाही. जरा वेळाने के पश्चिमेला गेला. ‘पहा.’

मी मागोमाग गेलो. ‘तुम्ही माणूस आहात का? असाल तर काहीतरी बोला.’

काही नाही. मग, ‘पहा.’

मी त्याचं नाव अडवलेल्यांच्या यादीत घातलं. एका ओळीचं काम होतं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता के आला आणि त्याला ‘प्रवेश नाही’ असं दाखवून बाहेर ठेवलं गेलं. एक एकतीसला पुन्हा आला. पुन्हा. अर्ध्या तासात सात वेळा. साडेपाचला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही तेच. बघा, यंत्रच, मी स्वतःला म्हणालो. अपमान झाल्यावर माणूस इतक्यांदा दार वाजवतो का?

चौथ्या दिवशी दीड वाजता के आला नाही. एक पस्तीसला फोन वाजला.

“नमस्कार जी. तळकोट हेच का?”

बाईचा आवाज होता, मोकळा आणि स्वच्छ, शब्द न शब्द वेगळा ऐकू यावा असा. मी म्हटलं, हो, तळकोटच.

“मी कुमुद रामटेके, नागपूरहून बोलते. बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. नंबर तुमच्या वेशीवर लिहिलेला होता, एकदा ऐकला की माझ्या लक्षात राहते. धंदाच तो आपला.” त्या जरा थांबल्या. “मला तुम्ही काहून हाकललं, भाऊ?”

“तुम्ही... के?”

“के म्हणजे कुमुद. पूर्ण नाव लिहायला लाज वाटली. या वयात खेळ खेळते म्हणतील लोक.”

“पण ताई, मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा. तुम्ही बोलला नाहीत.”

“बोलली ना जी! दोन्ही वेळा बोलली. मी लिहिलं, मी नागपूरची आहे, गाव फार चांगलं आहे. तर तुमचं गाव मला म्हणे, ‘हे काय, कळलं नाही.’ दुसऱ्यांदा लिहिलं, तर पुन्हा तेच, ‘कळलं नाही.’ मग मी गप्प बसली.”

तळकोटात दुसऱ्याशी बोलायचं तर आधी ‘बोल’ असं टाइप करावं लागे. ते वेशीवरच्या डाव्या बाजूच्या चौकटीत लिहिलेलं होतं, लाल रंगात.

“डाव्या बाजूला लिहिलं होतं, ताई,” मी म्हणालो.

“असेल. मला दिसत नाही ना,” त्या सहज म्हणाल्या. “मी आंधळी आहे जी. सहा वर्षांची असताना देवी आल्या, त्यात डोळे गेले. बँकेने बोलणारा कॉम्प्युटर दिला आहे. तो समोरचं वाचून दाखवतो, पण चौकटी-बिकटी सोडून देतो. आणि वाचतो तो सायबाच्या उच्चारात. भरती म्हणजे ‘भॅरटी’. पहिले दोन दिवस हसून हसून मेली मी. आता मला तो बरोबर कळते.”

मी खुर्चीत बसलो. दीड ते दोन म्हणजे त्यांची जेवणाची सुट्टी होती. साडेपाच ते सात म्हणजे बँक सुटल्यावर भाचा न्यायला येईपर्यंतचा वेळ.

“पण तुम्ही सारख्या मागे का जायच्या?” मी विचारलं. “पुढे, मागे, पुन्हा पुढे?”

“वाट पाठ करत होती ना. नवीन जागी तसंच करावं लागते. फक्त बाहेर करता येत नाही. बाहेर कुणी ना कुणी कोपर धरते. चांगलेच लोक असतात, पण धरतात. पन्नास वर्षांची झाली, मी एकटी गावात फिरली नव्हती कधी. तुमच्या तळकोटात मला कुणी धरलं नाही.” मग त्यांचा आवाज थोडा उतरला. “एकतीसला बंद होणार असं म्हणाला तो वेशीवर. तोवर तरी येऊ द्या. खालच्या बाजाराच्या पुढचं राहिलं आहे माझं.”

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि फोन कानाशी तसाच धरून ती एक ओळ यादीतून काढली. मग विचारलं, “ताई, पण तुम्हाला तळकोट कळलं कसं? जाहिरात तर चित्राची होती.”

“चित्र होतं का? मला नाही माहीत. त्या बातम्यांच्या साइटवर मी रोज जायची, उगाच. मराठी म्हणतात, पण तो फॉन्ट माझ्या यंत्राला वाचता येत नाही. पान उघडलं की तो नुसता कचरा बडबडते. डॉलर, कंस, टक्के, कंस. तरी मी ऐकत बसायची. आपल्या लोकांचं काही आहे तिथे, एवढं तर माहीत होतं. तर एक दिवस त्या कचऱ्याच्या मधोमध तो चक्क मराठी बोलला.”

“काय बोलला?”

“समुद्राखालचं एक गाव,” कुमुदताई म्हणाल्या, पाठ केलेलं म्हणावं तसं. “चित्र नाही, आवाज नाही, फक्त शब्द. चालत या.”

ही ओळ मी लिहिलेली नव्हती. मी ती कधी पाहिलीही नव्हती.

फोन दोनला ठेवला; चारची बॅच जिन्यात आली तेव्हा मी अजून तीच ओळ घोकत होतो. मी त्यांना घरी पाठवलं आणि चर्चच्या मागच्या वाडीत गेलो. टीचरांच्या मागच्या पडवीत चूल पेटलेली होती. नाताळ चार दिवसांवर आला होता आणि त्या दोदोल ढवळत होत्या. गूळ, नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ. ते घट्ट होत आलं की हात थांबवता येत नाही, तळाशी लागतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ढवळतच राहिल्या.

“टीचर, जाहिरातीचा फॉर्म मी तुम्हाला भरायला दिला होता. त्यात तुम्ही काय लिहिलंत?”

“गावाचं नाव लिहिलं. तुझं नाव, पत्ता.”

“आणि?”

“आणि एक रकाना रिकामा होता. चित्र उघडलं नाही तर त्या जागी काय दाखवायचं, असं विचारलं होतं. आपल्याकडे एक चित्र उघडायला किती वेळ लागतो, तू बघतोसच. म्हटलं, तोवर लोकांनी काय कोरी चौकट बघायची? आणि रिकामा रकाना मला बघवत नाही. पेपरात सोडलेल्या प्रश्नासारखा दिसतो. म्हणून गावासारखीच, इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहिली.” त्यांनी कपाळाचा घाम बाहीने पुसला. “का? चुकलं काय?”

मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं. दीड ते दोन, बोरीचं झाड, दोनदा विचारलेलं, सात वेळा वाजवलेलं दार. नागपूरच्या बँकेतला बोलणारा कॉम्प्युटर सांगितला, डॉलर, कंस, टक्के आणि मग ती ओळ सांगितली. टीचर ढवळत होत्या. त्यांचा हात मंद होत गेला.

“लागेल ते,” मी म्हणालो.

“घे,” त्या म्हणाल्या, आणि उलथणं माझ्या हातात देऊन पाठमोऱ्या झाल्या. पडवीच्या खांबाला धरून त्या बराच वेळ माडांकडे बघत उभ्या राहिल्या. मी ढवळत राहिलो. माझ्याने ते तळाला लागलंच थोडं.

एकतीस तारीख आली आणि गेली. सूचना मी काढून टाकली होती, लाल चौकटीतलं सगळं वेशीच्या पहिल्या वाक्यात आणलं होतं. मस्कतला कळवलं, बाजार उठला. त्याच संध्याकाळी खवळ्या धक्क्यावर येऊन बसले आणि पायऱ्या उतरणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, ‘जेवलात काय?’

‘बोल हो जी,’ असं कुमुदताईंनी लिहिलं.

फेब्रुवारीत त्या आल्या. भाच्याबरोबर कुडाळला उतरल्या, तिथून एसटीने आरवंद्याला. ठेंगण्या, पांढऱ्या पातळातल्या, केसांत एक अबोलीचा गजरा. तो त्यांना स्टँडवर कुणीतरी दिला होता. टीचर पुढे झाल्या आणि सवयीने त्यांचं कोपर धरणार, तेवढ्यात थांबल्या. हात मागे घेतला.

“मी आग्नेस,” त्या म्हणाल्या. “तुमच्या डाव्या बाजूला आहे.”

“आवाज बारीक आहे तुमचा,” कुमुदताई म्हणाल्या. “लिहिण्यावरून मला वाटलं, दांडग्या असाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रावर, पुळणीच्या वाळूत गेलो. भांगाचे दिवस होते, भरती-ओहोटीला जोर नव्हता, समुद्र अगदी निवांत. भाचा मागे होडीच्या सावलीत बसला. कुमुदताईंनी चपला काढल्या, काठी माझ्या हातात दिली आणि लाटांच्या आवाजाच्या दिशेने सरळ चालत गेल्या. आम्ही दोघे त्यांच्या मागे, पण चार हात अंतर ठेवून. घोट्याएवढ्या पाण्यात त्या उभ्या राहिल्या. ऊन चढलं, धुकं विरलं, रापणीचं जाळं घेतलेली एक होडी समोरून गेली, तरी त्या उभ्याच. टीचरांच्या साडीचा काठ भिजत होता.

“बाई,” शेवटी कुमुदताई टीचरांना म्हणाल्या, “रागावणार नाही ना?”

“नाही, बोला.”

“तळकोटाची पुळण मी वीसदा तरी पाहिली असेल. तिथे तुमच्या सहा ओळी आहेत. सहाही ओळींत रंग आहेत. मला लाल थोडा आठवते, बाकी काही नाही. तरी मी म्हणायची, असेल, समुद्र असाच असेल.” त्यांनी पाण्यात एक पाय उचलून पुन्हा ठेवला. “हा तो नाही जी. याच्यातलं काहीच तिथे नाही.”

मला वाटलं, टीचर दुखावतील. दोन वर्षांत मी त्यांचा एक स्वल्पविराम हलवला तरी त्या दिवसभर बोलत नसत.

“मग कसा आहे?” टीचरांनी विचारलं.

“असा सांगता नाही येत. टाइप करून देते.”

दुपारी क्लासमध्ये त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. त्यांची बोटं माझ्यापेक्षा भरभर चालत होती. मध्येच थांबत, पायाचा तळवा जमिनीवर टेकवत, पुन्हा लिहीत. आमचा कॉम्प्युटर बोलणारा नव्हता, म्हणून लिहून झाल्यावर टीचरांनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा मनात वाचलं. मग त्यांनी पडद्यावर स्वतःच्या पुळणीच्या सहा ओळी काढल्या, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत निवडल्या, आणि माझ्याकडे न बघता पुसून टाकल्या.

“आता जा,” त्या मला म्हणाल्या. “जाऊन उभा राहा तिथे.”

मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलो. वेस, कांदेबाजार, खालचा बाजार, धक्का. धक्क्यावरून पश्चिम. आणि लिहिलं, ‘पहा’.

‘पुळण. जमीन संपली हे आधी तळव्यांना कळतं. पाणी येतं, घोट्यांना काहीतरी विचारतं आणि परत जातं. जाताना पायाखालची थोडी वाळू घेऊन जातं. घाबरू नका. हलू नका. उभं राहण्यापुरती वाळू ते दर वेळी ठेवतं.’